खाऱ्या वाऱ्याची सायकल

आठवीत शाळा सोडलेला मी, नांदेडहून येऊन बोईसरच्या सायकल दुकानात लागलो, त्याला आठवडाच झाला होता. समुद्रकाठच्या एडवणचे एक कोळीबाबा सीट वर करायला आले. आमच्या नांदेडकडं सीटचा अडकलेला पाइप हातोडीनं सुटतो, म्हणून मी ठोकला. फ्रेमच तुटली. आता नोकरी गेली, असं वाटलं.

"पैलवान, काय मोडलंस?" मालक आतून आले.

बाबांनी तुटल्या जागी बोट फिरवून गंज हुंगला. माझ्याआधी तेच बोलले, "खारा वारा कवापासून खातोय हिला. यानं शेवटचा घास घेतला, दुसरं काय नाय."

मालकांनी वेल्डिंग करून दिलं. बाबांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. आता किनाऱ्याकडची सायकल आली, की मी आधी गंजावर बोट फिरवतो. हातोडी नंतर.