बुटाला लावलेला खडू

"आत्या, तुम्ही आयुष्यात कधी घोड्यावर बसलायत?"

"नाही."

"मग उडीतलं मला शिकवू नका."

"शिकवतेय कुठं? विचारतेय. एकोणीस वर्षं पडलेल्या दांड्या मीच उचलतेय ना, मास्तर? मग त्या का पडतात हे विचारलं तर बिघडलं कुठं?"

"का म्हणजे? डॉक्टरीणबाईंची टाच वर जाते. पाय मागे सुटतो, घोडी बिचकते आणि दांडीपुढं येऊन खांबासारखी उभी राहते. शंभरदा ओरडून सांगितलं, टाच खाली ठेवा."

"शंभरदा सांगून जी खाली आली नाही, ती एकशे एकाव्या वेळी येईल?"

मास्तरांनी हातातलं खोगीर धप्पकन लाकडी घोडीवर टाकलं. खोगिरांच्या त्या खोलीत भिंतीवर काळा फळा होता. त्यावर घोडेस्वारीच्या शाळेतल्या अकरा घोड्यांची नावं मास्तरांच्या ठसठशीत अक्षरांत ओळीनं लिहिलेली. शेवटचं नाव काजळी. तिच्यापुढं कालच दोन शब्द लिहिले गेले होते: शनिवार, गाडी.

आज गुरुवार होता. परवा गाडी येणार आणि काजळीला डोंगरावरच्या सहलीच्या ठिकाणी घेऊन जाणार. तिथं दिवसभर पाठीवर पोरं घेऊन चकरा मारायच्या. महिनाभर उडी नाकारणारी घोडी शाळेत ठेवून काय करायचं, असं मास्तरांचं म्हणणं. त्यात रविवारी विद्यार्थ्यांची परीक्षा, बाहेरून परीक्षक येणार, म्हणजे घोडामैदान अगदी जवळ.

आत्याला सगळे आत्याच म्हणत. तिचा मोठा भाऊ इथं मोतद्दार होता, घोड्यांना खरारा करायचा, दाणावैरण बघायचा. त्याची मुलगी लहानपणी मैदानाच्या कुंपणाला लोंबकळून "आत्या, ए आत्या" करत असायची, ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. आत्याचं काम घोडे ज्यांवरून उडी मारतात त्या दांड्यांचं. मास्तर सांगतील त्या उंचीला दांडी चढवायची, पडली की उचलायची, वर्षातून दोनदा पांढऱ्या-लाल पट्ट्यांनी रंगवायची. मास्तर मैदानाच्या मध्यभागी उभे राहून बघायचे. आत्या दांडीच्या शेजारी, चार हातांवर. त्यामुळे तिला जे दिसायचं ते मास्तरांना दिसायचं नाही: घोड्याचं पोट, स्वाराच्या बुटाचा तळवा, आणि वर गेल्यावर बहुतेकांचे घट्ट मिटलेले डोळे.

एकदा तिनं सकाळीच रंगवलेली दांडी विसरून ओलीच चढवली होती. तीन घोड्यांच्या मागच्या खुरांना पांढरे पट्टे लागले आणि मास्तरांनी तिला फैलावर घेतलं. पण आत्या ते पट्टेच बघत बसली. म्हणजे दांडी पुढच्या पायांनी पडत नाही, मागच्या पायांनी पडते तर. तेव्हापासून तिला एक खोड लागली. जे डोळ्याला पकडता येत नाही, त्याला रंग लावायचा.

त्या गुरुवारी दुपारी तिनं फळ्याखालचा खडू उचलला आणि डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या दातांच्या डॉक्टर, वय बेचाळीस, दवाखान्याच्या दोन वेळांच्या मधल्या वेळात घोडेस्वारी शिकायला यायच्या.

"पाय पुढं करा."

"कशाला?"

"तुमच्याकडं आलेला माणूस विचारतो का, तोंड कशाला उघडू म्हणून?"

डॉक्टरीणबाईंनी निमूट पाय पुढं केला. आत्यानं बुटाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर, रुपयाएवढा गोल खडूनं घासला. दुसऱ्या बुटालाही.

"आता एक उडी. मग खाली उतरा आणि खोगीर मला द्या."

मास्तर मध्यभागी उभे होतेच. काजळी चौखूर आली, मास्तर ओरडले, "ऊठ!" डॉक्टरीणबाई उठल्या, पुढं झुकल्या आणि घोडीनं चारही पाय रोवले. बाई तिच्या मानेला मिठी मारून लटकल्या. दुसऱ्या खेपेला काजळी कशीबशी गेली, दांडी खाली.

खोगिराच्या काळ्या कातड्यावर वीतभर लांब पांढरा ओरखडा उमटला होता. खोगीर आवळायच्या पट्ट्यापाशी सुरू होऊन मागं आणि वर गेलेला.

"बघा," मास्तर म्हणाले. "मी काय सांगत होतो? पाय मागे सुटतो."

"सुटतो, मान्य. पण का सुटतो?"

"बाईंना जमत नाही म्हणून."

"थांबा जरा." आत्यानं बँकेतल्या कॅशियरला हाक मारली. कॅशियर मास्तरांचा लाडका, शाळेतल्या सगळ्यात धिप्पाड घोड्यावर बसायचा.

"माझ्या बुटाला खडू? अहो, कालच पॉलिश केलंय."

"परत करून देईन. द्या पाय."

कॅशियरची उडी झाली. दांडी जागची हलली नाही, मास्तर "शाबास" म्हणाले. खोगीर खाली आलं, तर त्यावर ओरखडा. वीतभर, मागं आणि वर. मग कॉलेजातल्या मुलीचं खोगीर. तेच.

मास्तरांनी तिन्ही खोगिरांवरून नजर फिरवली, "काहीतरी खूळ तुमचं," म्हणाले आणि निघून गेले. आत्या मात्र तिथंच खाली बसली. तीन माणसं, तीन घोडे, ओरखडा एकच. मोठे घोडे मानेवर ओझं आलं तरी रेटून नेतात. काजळी लहान चणीची, तिला मान मोकळी लागते, म्हणून ती थांबते. इथवर तिला कळलं. पण तिघांचेही पाय एकाच जागी कसे सुटतात? घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये भाची भेटली. तीच कुंपणाला लोंबकळणारी, आता औषधाच्या दुकानात कामाला. दोघी शेजारी बसल्या. आत्याचं लक्ष नव्हतं. कंडक्टरनं स्टॉपचं नाव पुकारलं तशी ती उठली, पिशवी घेऊन पुढं सरकली, आणि बस बरंच पुढं जाऊन ब्रेक लागल्यावर समोरच्या आजोबांच्या पाठीवर जाऊन आदळली.

"अहो बाई, माझी पाठ आहे, खांब नाही."

"चुकलं हो, आजोबा."

भाची हसून हसून लाल झाली. "आत्या, रोज हेच करतेस तू. बस थांबू दे की. तो कंडक्टर ओरडला म्हणून लगेच उठायचं नसतं. त्याला आधीच ओरडायची सवय आहे."

आत्या दांडा धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं? उतरायचं नाही का?"

"परत म्हण."

"काय?"

"आत्ता काय म्हणालीस ते."

शुक्रवारी सकाळी मास्तर पागेत पोचले तेव्हा आत्या दारातच उभी होती.

"मास्तर, एक मागणं आहे. एक फेरी तुम्ही गप्प बसायचं."

"म्हणजे?"

"'ऊठ' म्हणायचं नाही. काहीच म्हणायचं नाही. घोडी थांबली तर उद्या मी स्वतः तिला गाडीत चढवते आणि परत या विषयावर तोंड उघडत नाही."

"तुम्ही? तोंड उघडत नाही?"

"शप्पथ."

हा सौदा मास्तरांना फायद्याचा वाटला असावा. ते मैदानाच्या मध्यभागी जाऊन पाठीमागं हात बांधून उभे राहिले. आत्यानं डॉक्टरीणबाईंच्या बुटांना खडू लावला.

"पण मग मी उठू कधी?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

"घोडी उठेल तेव्हा."

"ती कधी उठते ते मला कसं कळणार?"

"तुम्ही तिच्यावर बसलायत, बाई, मी नाही. दांडीकडं बघू नका, त्या पलीकडच्या पाण्याच्या टाकीकडं बघा. आयाळ मुठीत धरा, लगामाला हिसका नको. आणि वाट बघा. ती उठली की तुम्ही आपोआप कमरेत वाकाल."

काजळी आली. नेहमीच्या जागी मास्तरांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. घोडीनंही कान मागं टाकले, जणू ती आरोळी ऐकायच्या तयारीत होती. डॉक्टरीणबाई बसूनच राहिल्या. आणखी एक ढांग गेली. मग काजळीनं मान पुढं टाकली, पुढचे पाय पोटाशी घेतले आणि बाई तिच्याबरोबर वर गेल्या. मागचा खूर दांडीला टेकला, दांडी खुळखुळली, पण खोबणीतच राहिली.

"गेली," डॉक्टरीणबाई पलीकडून म्हणाल्या. मग पुन्हा, स्वतःशीच, "गेली की."

मास्तर स्वतः चालत आले. त्यांनीच पट्टा सोडला, खोगीर काढलं आणि उजेडाकडं धरलं. कातड्यावर पट्ट्याजवळ एक पांढरा ठिपका होता, अंगठ्याएवढा. दुसऱ्या बाजूलाही तसाच.

ते खोगीर घेऊन खोगिरांच्या खोलीत गेले. आत्या मागोमाग.

"एक ढांग आधी ओरडता तुम्ही," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं, नुसती उत्सुकता होती. "दरवेळी, प्रत्येकाला. मी रात्री डोळे मिटून सगळ्या उड्या आठवून बघितल्या. का हो, मास्तर?"

मास्तर खोगिराचं कातडं बाहीनं पुसत राहिले. मग म्हणाले, "माझा घोडा एक ढांग आधीच, लांबून झेप घ्यायचा. असा घोडा परत बघितला नाही. इथून उडायचा आणि तिथं उतरायचा. बारा वर्षं होता माझ्याकडं."

"आणि 'ऊठ' कोण म्हणायचं?"

"मीच. मनातल्या मनात."

"तो जाऊन किती वर्षं झाली?"

"तुम्ही यायच्या आधीच गेला तो."

मास्तर फळ्यापाशी गेले. ज्या बाहीनं खोगीर पुसलं, त्याच बाहीनं त्यांनी काजळीपुढचे दोन शब्द पुसले. नाव तेवढं राहिलं, कडेला थोडं फरफटलेलं.

आत्यानं खिशातला उरलेला खडू काढून फळ्याखाली ठेवला.

"रविवारी परीक्षा आहे," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये उभे असणार. डॉक्टरीणबाई येणार, काजळी दांडीपाशी पोचणार. तेव्हा ओरडणार का, मास्तर?"

मास्तरांनी खुंटीवरची टोपी काढली, ती हातात एकदा फिरवली, डोक्यावर घातली आणि बाहेर निघून गेले.