माझा पायगुण आणि तापलेला समुद्र

लग्न होऊन मी सांगलीकडच्या नदीकाठच्या गावातून म्हसवडजवळच्या या कोरड्या गावात आले, आणि त्याच आठवड्यात पाऊस असा कोसळला की विहिरीचं पाणी वाकून हातानं घेता येऊ लागलं. गाव म्हणालं, सुनेचा पायगुण! झालं. ती शहाणी पोरगी, म्हणजे मीच, अंगणातून अशी चालायची जणू पैंजणांत ढग बांधलेत. पाहुणी आली की पाय पुढं करून बसायची, नीट दिसावेत म्हणून. पुढं कितीतरी पावसाळे कोरडे गेले, जनावरं छावणीला न्यावी लागली. तेव्हा हे पाय कुठं गेले होते, असं कुणी विचारलं नाही. मी तर मुळीच नाही.

म्हातारी झाले तरी ही फुशारकी सुटली नाही. मग नातवाचं लग्न झालं. नातसून मलकापूरची, शेतीची पदवी घेतलेली. ती आली आणि पावसानं तोंड फिरवलं. श्रावणात नुसतं वारं. शेजारीण दारात उभी राहून माझ्या सुनेला म्हणाली, "तुझ्या सासूनं पाऊस आणला, आन् तुझ्या सुनेनं घालवला, व्हय गं?"

सून हसली. मीही हसले. आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

दुपारी मटकी निवडताना नातसून म्हणाली, "आजी, लांब पॅसिफिक महासागर हाय. काही वर्षं त्याचं पाणी तापतं, काही वर्षं निवतं. तापलं की आपल्याकडचा पाऊस बहुतेक वेळा रोडावतो. यंदा तापलंय. एल निनो म्हणतात त्याला."

"आन् माझ्या लग्नाच्या साली?"

तिनं मोबाईलवर शोधलं. जरा घुटमळली. "तवा गार होतं, आजी."

मटकीतले खडे दिसेनात मला. समुद्राचं देणं मी जन्मभर पायावर मिरवलं, आणि त्याच मिरवण्यानं या पोरीला आता पांढऱ्या पायाची ठरवलं. माझे पाय पाऊस आणणारे नसते, तर तिचे घालवणारे कसे झाले असते?

परतीचा थोडा पाऊस झाला, तेव्हा ज्वारीची पेरणी निघाली. पेरायच्या पाभरीच्या चाड्यात, बी सोडायच्या वाटीत, पहिली मूठ नव्या सुनेनं सोडायची, ही आमची रीत. नातसून बांधावर पाण्याची कळशी धरून उभी. सून माझ्याकडं वळली, "आवं आत्या, यंदा तुमीच धरा मूठ. कशाला परीक्षा?"

शेजारपाजारच्या बाया होत्या, गडी होते. एवढ्या वर्षांचा मान होता तो. तरी म्हणाले, "माझ्या पायात कवाच काय नव्हतं. त्या साली समुद्र गार होता. मी फुकटचं मिरवलं. मूठ तीच धरंल."

शेजारणीनं पदर तोंडाला लावला, हसत असावी. हसू दे.

नातसुनेनं कळशी खाली ठेवली, मूठ भरली. सोडण्याआधी माझ्याकडं बघितलं, डोळे भरलेले, पण आवाज करडा.

"आजी, ज्वारी चांगली आली, तर माझा पायगुण म्हणू नगा."

नेमकं तेच माझ्या जिभेवर तयार होतं. मी खाली मान घालून "न्हाई म्हणणार" म्हणाले. मग तिनं बी सोडलं.