कुमुदच्या जिवंत पेशी

नल्लकुंट्यातले आमचे शेजारी दिगंबरराव देगलूरकर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. पत्नी कुमुद कर्करोगाने जाऊन वर्ष होत आलं, तरी ते वर्षश्राद्धाला तयार होत नव्हते. कुमुदने जाण्यापूर्वी आपल्या गाठीचा तुकडा संशोधनाला दिला होता आणि त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत अजून वाढत होत्या.

"वहिनी, ती थोडी जिवंत असताना पिंड कसा ठेवू?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत गेले. तेजश्री नावाच्या संशोधक मुलीने सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवल्या. दिगंबरराव बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "कुमुद, मी आलोय."

तेजश्री गोंधळून माझ्याकडे पाहू लागली.

"या मरतील कधी?" त्यांनी विचारलं.

"खायला घालत राहिलो तर मरणार नाहीत, अंकल."

"शेवटी तिला पेजसुद्धा गिळवत नव्हती," ते म्हणाले.

तेजश्रीने समजावलं, की जनुकांतल्या बदलामुळे या पेशींवर एक प्रथिन फार वाढलं आहे. नेमकं त्यालाच चिकटून पेशी मारणारं प्रतिपिंड ती तपासत होती.

"मग घाला ते. सोडवा तिला."

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. पेशी मरून बशीत सुट्या तरंगत होत्या. दिगंबररावांनी हात जोडले आणि तिथूनच गुरुजींना फोन लावला.

"औषध लागू पडलं, अंकल!" तेजश्री आनंदाने म्हणाली. "आता फ्रीझरमधल्या आंटींच्या बाकीच्या नळ्या काढते. त्यातून पेशी पुन्हा वाढवता येतात."

गुरुजी फोनवर "हॅलो, हॅलो" करत होते. दिगंबररावांनी फोन बंद केला.

"तिला थंडी सोसत नाही," ते म्हणाले.