गोळी ठरेपर्यंत भात थांबतंय होय!

साडी घ्यायला बायका वेळ लावतात म्हणे. अहो, आमच्या घरच्या पुरुषांना बंदुकीची गोळी निवडताना बघायला हवं होतं.

कल्याणहून मलंगगडाकडे जाताना आमचं सासरचं गाव. ऐंशीनंतरची वर्षं ती. तिकडे डोंबिवलीत इमारती उठत होत्या नि आमच्याकडे रानडुकरं डोंगर उतरून भात लोळवत होती. डोंगरालगतचं ते एकच खाचर म्हणजे आमचं वर्षाचं खाणं. कापणी अगदी तोंडावर आलेली.

सासऱ्यांकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्याची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी घालायची, गजाने ठासायची. पण गोळी कसली? इथेच बापलेकांचं जुंपलं.

आमच्या ह्यांनी कल्याणहून बारीक छर्रे आणले. "मावळतीला एक गोळी कुठे लागायची, बाबा? मूठभर उडवले तर काहीतरी लागेल."

"लागंल ना! डुकराच्या पाठीला खाज सुटली असंल, बरं वाटंल त्याला," सासरे म्हणाले. "एकच पाहिजे. जाड."

मग शिसं शोधा. माझे वडील कोपरीचे, खाडीवर मासेमारी करणारे. त्यांच्या फाटक्या जाळ्याची शिशाची वजनं ह्यांनी मागून आणली आणि माझ्या चुलीवर, माझ्याच पळीत वितळवली. विचारलं मला? छे! सासऱ्यांनी नळीच्या तोंडात बोट घालून माप घेतलं, मातीचा साचा केला, गोळी ओतली. तोंडात कशी झकास बसली! पण वर्षानुवर्षं गज घासून ते तोंड झालेलं रुंद, आत नळी अरुंदच. गोळी अर्ध्यावर जाऊन अडकली ती अडकलीच.

नेमकी तेव्हाच डुकरं खाचरात शिरली. हे बंदूक उचलायला गेले तसे सासरे ओरडले, "ठेव खाली! नळी फुटली तर डुकराआधी तू जाशील."

"अगो, डबा घे!" सासूबाईंनी मला हाक मारली. तेलाचे रिकामे डबे बडवत आम्ही दोघी बांधावरून धावलो. डुकरं पळाली, पण एक कोपरा पार सपाट झालेला. परत येऊन बघतो तर बापलेक बंदूक मांडीवर घेऊन बसलेले.

"मी छर्रे म्हणत होतो."

"गोळी बरोबरच होती. तू ठासलीस वाकडी."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सकाळी मी कापायला घेते."

"अगं, हिरवं आहे अजून," हे म्हणाले.

"डुकरांना चालतं ना हिरवं?"

उजाडताच सासूबाई विळा घेऊन माझ्याआधी खाचरात उभ्या. उन्हं वर आल्यावर हे दोघेही आले, कापता कापता भांडतच.

तांदूळ घरचा मिळाला, पण हिरव्यात कापलेला, गिरणीत निम्मा मोडला. वर्षभर आम्ही कण्यांचा भात खाल्ला. आणि पानावर कुणी नाक मुरडलं की सासूबाई त्याच्याकडे नुसतं बघायच्या.