चेपलेली नळी

पार्से गावात गॅरेज असलेला एक मेकॅनिक माझ्या ओळखीचा आहे. काहीही विचारलं की तो आधी चिंध्यांना हात पुसतो, मग बोलतो. "होईल" असं तो कधी म्हणत नाही, "बघतंय" म्हणतो.

मध्यंतरी माझ्या गाडीत पेट्रोलच भरता येईना. थोडंसं गेलं की पंपाचं नॉझल खट्कन बंद पडायचं आणि पेट्रोल उसळून बाहेर यायचं. तुला भरता येत नाही, असं मी पंपावरच्या बाईला चार माणसांत सुनावलं. तिने नॉझल परत जागेवर अडकवलं.

गॅरेजमध्ये मी हे सगळं मेकॅनिकला सांगितलं, त्या बाईला सुनावल्याचंही. त्याने मागचं चाक काढून आत हात घातला, मग चिंध्यांना हात पुसले.

"मास्तर, टाकीतली हवा भायर सोडणारी नळी चेपल्या. हवा आडली म्हणून पेट्रोल परत येता. गेल्या म्हयन्यात मडगार्ड बसयताना ती मीच चेपलंय."

त्याने सांगितलं नसतं, तर मला कधी कळलंही नसतं. नळी बदलून तो माझ्याबरोबर पंपावर आला. त्याच बाईने टाकी एका दमात भरली.

"बाय, तुजी चूक नाय हुती," तो तिला म्हणाला. "माजी हुती."

ती हसली. मी गाडी सुरू केली, पण तो आत बसेना. माझ्या दारापाशी येऊन तो नुसता उभा राहिला. खाली उतरून तिची माफी मागायला मला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ तो थांबला.