त्याचा रॉड माझ्या खोलीत

मला मासे धरायचा रॉड निवडून दिला तो आमच्या कंपनीतल्या क्वालिटीवाल्याने. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याच्याविषयी जे लिहिणार आहे त्यात त्याचे उपकार मागे पडतील आणि माझं जळणंच जास्त दिसेल.

मी भंडाऱ्याकडचा. आमच्याकडे तलाव फार, आणि आमचं घर मासे मारणाऱ्यांचं. आठवीनंतर शाळा सुटली, काही वर्षं बाबांबरोबर जाळं ओढलं, मग गावातल्या एकाच्या मागोमाग नाशिकला आलो. तिथे अंबडच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर आहे. क्वालिटीवाला माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, डिप्लोमा झालेला, पंचवटीतल्या भिक्षुकी करणाऱ्या घरचा. मी घासलेला पार्ट तो मोजणार आणि पास की रिजेक्ट ते ठरवणार. आठवडाभर माझी मान त्याच्या हातात. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं, पण त्याला मासे धरण्याचा नाद होता.

त्याच्या घरी मासा सोडाच, अंडंही चालत नाही. मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा, असा त्याचा छंद. पण रॉड घरात आणायचा नाही, बाल्कनीतसुद्धा नाही, अशी आईची ताकीद. मी मासेवाल्यांच्या घरचा आहे हे कँटीनमध्ये कळलं तसा तो म्हणाला, "दादा, तुमच्या खोलीवर ठेवू का? सुट्टीला दोघं दारणा नदीवर जाऊ."

असा त्याचा रॉड माझ्या खोलीत आला. माझ्या उशाशी, कोपऱ्यात उभा. काळा, सडपातळ, पाठीवर दोरी गुंडाळायचं गोल रील बसवलेलं, खाली बोट अडकवायला आकडा. ड्यूटीवरून आलो की चहाच्या आधी मी तो हातात घ्यायचो, शेंडा हलवून बघायचो, फडक्याने पुसायचो.

"लोकाच्या रॉडला किती पुसशील?" माझा खोलीतला पार्टनर म्हणायचा. "उद्या त्याला डबा पण भरून देशील."

दारणेवर जागा मीच दाखवली. मरळ हा मासा हवा घ्यायला वर येतो. तो कुठे वर येतो, कुठल्या वेलींखाली बसतो, हे मला पाण्याकडे बघून कळतं. तेवढं शिक्षण माझं झालेलं आहे. मी वेताची काठी आणि गांडुळं घेऊन बसायचो आणि बोटाएवढे मासे काढायचो. तो गळ लावलेला रबरी बेडूक लांब फेकायचा, वेलींवरून टुणटुण ओढत आणायचा, आणि मरळीच्या झडपेने पाणी फुटायचं. जागा माझी, मासा त्याचा. घरी गेल्यावर आईच्या हातचं जेवण, तेही त्याचंच.

एकदा त्याला हातभर लांबीची मरळ लागली. काठावर आणून म्हणाला, "दादा, धरा. तुमचा फोटो काढतो." काढला. मग म्हणाला, "आता सोडा." आमच्या घरी दोन वेळचं जेवण झालं असतं असा मासा मी माझ्या हाताने सोडला.

संध्याकाळी तो फोटो घरी पाठवला. खाली काही लिहिलं नाही. बाबांचा फोन आला, "मोठी हाय रे बाबू. गळावर धरली का?"

मी म्हणालो, "हो."

एवढाच शब्द. पण पुढच्या फोनवर बाबा म्हणाले, "धान निघाले की येतो आठ दिवस. तुह्या पाण्यावर नेजो मले." तेव्हापासून माझी झोप उडाली. साठीला आलेला माणूस एवढ्या लांबून येणार, आणि माझ्या हातात काय, तर वेताची काठी.

त्याच सुमाराला आमचे स्टोअरकीपर रिटायर झाले. जाताना त्यांनी मला दोन रील दिली, एक लहान, एक मोठं. "माझा रॉड कधीच मोडला," म्हणाले, "आता हातही चालत नाही. तू वापर." म्हणजे आता फक्त रॉड घ्यायचा होता. कोणता, ते माझं ठरलेलं होतं. त्याच्यासारखाच, पण त्याच्यापेक्षा वीतभर लांब.

बाबा येणार आहेत असं सांगून दुकानात त्यालाच घेऊन जावं लागलं. रॉडवरचं बारीक इंग्रजी मला वाचता येत नाही, आणि दुकानदाराला विचारायची लाज वाटते. मी भिंतीवरच्या त्याच जातीच्या रॉडकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "दादा, आधी रील काढा पिशवीतून."

काढली.

"हा माझ्यासारख्या रीलचा रॉड आहे. माझं रील वर बसतं. तुमची दोन्ही रॉडखाली लटकणारी. यांची दोरी मोठे वेढे घेत सुटते. दोरी ओवायची पहिली कडी एवढीशी असली तर वेढे तिथेच आपटणार, आणि बेडूक दहा हातांवर पडणार."

"तुमच्यासारखा दुसऱ्याकडे नको, असं आहे का?"

"तसं समजा," तो म्हणाला. "मग बाबा आले की दहा हातांवरच टाका."

त्याने दुसरा रॉड काढला. सात फुटी, मधून दोन तुकडे होणारा, पहिली कडी वाटीच्या तोंडाएवढी. त्यावरचं लिहिलेलं त्याने वाचलं, पण माझ्या कानाशी येऊन, दुकानदाराला वाटावं की आम्ही किमतीचं बोलतोय. "दहा ते तीस ग्रॅमपर्यंत फेकता येईल. बेडूक वीसच्या आसपास असतो. तो मोठ्या रीलवर, जाड दोरीने. लहान रील हलक्या गळाला. शेंडा मऊ आहे, कंबर कडक. मरळ वेलीत शिरली की कंबरच लागते." मग मोठं रील लावून त्याने मुठीच्या पुढे एका बोटावर रॉड तोलला. आडवा राहिला. लहान रील लावलं, तर शेंडा खाली गेला.

"एकच रॉड दोन्ही रीलला सारखा बसणार नाही," तो म्हणाला. "जे जास्त वापराल त्याच्या मापाने घ्यायचा, दुसरं चालवून घ्यायचं."

हे त्याने सांगायच्या आधीच मला कळलं होतं. ग्राइंडिंगचा दगड मशीनवर चढवायच्या आधी तो बॅलन्स करावा लागतो. एका बाजूला जड राहिला तर मशीन थरथरतं आणि पार्ट रिजेक्ट होतो. खोलीवर येऊन मी मुठीच्या बुडाशी वजनाला चार लोखंडी वायसर ठेवले, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली. लहान रीललाही रॉड आडवा राहिला. पुढच्या सुट्टीला त्याने तो दोनदा हातात घेऊन बघितला.

"हे कोणी सुचवलं?"

"कोणी नाही."

त्याने त्या मुठीचा फोटो काढला. पंधरा मिनिटं माझ्या पोटात काही दुखलं नाही. मग तिसऱ्याच फेकीला त्याला मरळ लागली, आणि माझा बेडूक जसा गेला तसा परत आला.

बाबा आले तोवर मला एवढ्याएवढ्या दोनच मरळी लागल्या होत्या.

पार्टनरची गाडी मागून घेऊन मी बाबांना दारणेवर नेलं. क्वालिटीवाला आधीच येऊन थांबला होता. मी त्याला येऊ नको म्हणणार होतो, पण कसं म्हणणार?

बाबांनी त्याची चौकशी केली. "मासे खाता का?"

"नाही काका."

"मंग धरता कायले?"

"बघायला."

बाबा बराच वेळ हसत राहिले. मग काठावर उकिडवे बसून त्याची फेक बघू लागले. "हात गोड हाय पोराचा," म्हणाले. तीस वर्षांत माझ्या हाताला ते असं कधी म्हणाले नव्हते. मी जोर लावून बेडूक फेकला तो थेट बाभळीत. सोडवून पुन्हा टाकला, पाणी फुटलं, मी घाईने हिसका दिला आणि मासा गेला.

"थांबाचं होतं," बाबा म्हणाले. मग त्याच्याकडे वळून सहज विचारलं, "त्या फोटोतली किती वेळ झुंजली हो?"

मी दोरीतला नसलेला गुंता सोडवू लागलो. त्याने माझ्याकडे पाहिलं. घरी मी काय सांगितलंय हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. एका वाक्यात त्याला मला उघडं पाडता आलं असतं. तो म्हणाला, "काका, ही जागा यांनीच दाखवली. इथे मरळ आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं."

खोटं त्यात काहीच नव्हतं. पण मला ते झेपलं नाही. फेक त्याची चांगली, मासा त्याचा, आता चांगुलपणाही त्याचाच. निदान खरं बोलणं तरी माझं असू दे, असं मनात आलं.

"बाबा, ती यानं धरली होती. मी नुसती हातात घेतली."

बाबा पाण्याकडे बघत होते. "मले वाटलंच," म्हणाले. "मरळ काढली आन् फोटोत पँट कोरडी?" मग म्हणाले, "टाक परत. आन् या वेळी थांबजो."

त्या दिवशी मला काही लागलं नाही. त्याला एक लागली. सोडायच्या आधी त्याने विचारलं, "काका, घरी न्यायची का?" एरवी मासा क्षणभर जास्त बाहेर राहिला तरी कासावीस होणारा माणूस, हे विचारत होता.

"तुमची हाय," बाबा म्हणाले. "तुमच्या मनाचं करा."

त्याने सोडली. निघताना बाबांनी त्याला गावी बोलावलं, जाळं फेकायला शिकवतो म्हणाले, आणि माझ्या पोटात पुन्हा कळ आली.

ती अजून येते. पण त्याला गावी मीच नेणार आहे. बाबा शिकवणार नाहीत, मी शिकवीन. जाळं कोपरावर कसं घ्यायचं, कमरेतून कसं वळायचं, सगळं. पहिल्या दिवशी तो जाळ्यासकट पाण्यात पडेल, आणि मी आधी पोटभर हसेन, मग हात देईन. माझ्याकडे दुसऱ्याला देण्यासारखं तेवढंच आहे, आणि ते मी त्याला एक दिवस देणार.