मावशीच्या घराचा बाण

"आधी पानी पी, मंग बोल." दारात कुणीही उभं राहिलं की मावशीचं हे पहिलं वाक्य. मग तो वायरमन असो, मत मागायला आलेला पुढारी असो, नाहीतर माझ्यासारखा शेजारी. हातात तांब्या दिल्याशिवाय ती कुणाचं गाऱ्हाणंसुद्धा ऐकून घ्यायची नाही.

तुमच्यापैकी काहींनी तिला टीव्हीवर पाहिलं असेल. देशाकडून क्रिकेट खेळणाऱ्या पोराची आई. पोरानं शतक काढलं की वाहिनीवाले आमच्या कार्ला गावात यायचे आणि हिला भाताच्या खाचरातून चिखलाच्या पायांनी बांधावर बोलवायचे. "कसं वाटतंय?" विचारलं तर म्हणायची, "लावनी ऱ्हायलीय अजून, तेच वाटतंय."

माझं फाट्यावर फ्लेक्सचं दुकान आहे. पोरगा संघात गेला तेव्हा हायवेला मोठा बोर्ड मीच लावला. त्याचा फोटो, कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून माझा, आणि खाली ठसठशीत लाल बाण, 'घराकडे'. आमच्याकडं बाणाशिवाय बोर्ड पुरा होत नाही, मग तो हॉटेलाचा असो की मंगल कार्यालयाचा.

"बान कशाला रं?" मावशी म्हणाली. "ज्याला यायचंय तो इचारीत यील की."

"मावशी, आता तू मोठी झालीस," म्हणून मी हसण्यावारी नेलं. लोणावळ्याला निघालेली मंडळी गाड्या वळवून तिच्या घरापुढं फोटो काढायला लागली, आणि इकडं मी फुगलो.

मग तो अंतिम सामना आला. शेवटच्या षटकात पोराच्या हातून झेल सुटला आणि आपण हरलो. आम्ही सगळे दुकानातच बघत होतो. पहिली शिवी मी घातली, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढं एक गाडी थांबली. आत पाच जण.

"बोर्डावरचं घर कुठंय?"

मी त्यांचे चेहरे पाहिले होते. हे फोटो काढायला आलेले नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तरी मी हात वर केला आणि म्हणालो, "देवळापाशी डावीकडं." का सांगितलं? थोडी भीती होती. थोडा कालचा राग होता. आणि खरं सांगू, आतून थोडं बरंही वाटलं. गाडी वळली तसं मी शटर ओढून घेतलं.

पुढचं शेजारणीनं सांगितलं. गाडीचा आवाज ऐकून मावशी नेहमीसारखी तांब्या घेऊन बाहेर आली. "आधी पानी प्या, मंग बोला." त्यांनी तांब्या उडवला, खिडक्या फोडल्या आणि पुन्हा येऊन घर पेटवू असं सांगून गेले. पोरगा परदेशात. तो फोनवर रडत होता आणि हीच त्याची समजूत काढत होती. दारात पोलीस बसला, त्यालाही तिनं पाणी दिलं.

मी गुपचूप जाऊन बोर्डावरचा बाण कापून टाकला आणि मग तिच्याकडं गेलो. मला पाहताच म्हणाली, "तुला न्हाई ना रं काय केलं त्यांनी? तुजं दुकान रस्त्याला."

"नाही मावशी," एवढंच म्हणालो. तिथंच पाय धरायला हवे होते. नाही धरले. तुम्हाला सांगतोय, तिला आजतागायत सांगितलेलं नाही. माझीच मला लाज वाटते.

आठवड्यानं ती दुकानात आली. पोरानं तिला शहरात आपल्याकडं राहायला बोलावलं होतं, पहारेकरी असलेल्या इमारतीत.

"येक बोर्ड करून दे," म्हणाली. "हितं कोनी ऱ्हात न्हाई, असं. तू शुद्ध लिही." फोटो नको, नाव नको.

बोर्ड ठोकायला मीच गेलो. मावशी अजून घरातच होती, पोत्यात भांडी भरत होती. 'येथे कोणी राहत नाही'. पहिला खिळा बसला. दुसऱ्याला हातोडी बोटावर आली आणि मी कळवळलो.

"हात सांभाळ रं," ती आतून म्हणाली.